इंदूमावशींची पॅरिसची बाई

बसस्टॉपवर रस्त्याकडे पाठ करून, डावा हात कमरेवर ठेवून, मान खांद्यावरून मागे वळवून सत्तरीची एक बाई उभी दिसली, की इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतले जुने बसड्रायव्हर समजायचे, इथे थांबायचं. नवा असला तर सरळ पुढे जायचा. "त्याला उभं राहण्यातलं काही कळत नाही," असं म्हणून इंदूमावशी पुढच्या बसची वाट पाहायच्या. तशाच, पाठमोऱ्या.

ही ऐट त्यांनी एका चित्रावरून उचलली होती. पन्नासच्या दशकातल्या फ्रेंच फॅशन मासिकाचं एक पान त्यांना कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, मिळालं होतं. शाईच्या चार फटकाऱ्यांत काढलेली, हिरव्या गाऊनमधली पाठमोरी बाई. मावशी तिला 'आमची पॅरिसची' म्हणत. स्वतः मूळच्या नागपूरच्या. इथल्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या, एकट्या. माझ्यासारख्या नव्याने आलेल्या आयटीवाल्यांना त्या चहाआधी चित्रासमोर उभं करत.

"खांदे खाली, मान वर. इंटरव्ह्यूला तू पोत्यासारखी बसली असशील."

"मावशी, हिची कंबर माझ्या मनगटाएवढी आहे."

"ती चित्रकाराची लबाडी. लिव्हर कुठे ठेवलंय ते मीही शोधतेय."

मदत मात्र त्यांना खपत नसे. भाजीची पिशवी धरायला हात पुढे केला, की "माझं मी बघते" म्हणून पिशवी दुसऱ्या हातात जायची. वेळेच्या तर इतक्या पक्क्या, की पाच मिनिटं उशिरा आलेल्याला चहा गार मिळायचा.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला मी त्यांना घ्यायला गेले, तर दार उघडून त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. अंगात चित्रातल्यासारखाच हिरवा गाऊन होता.

"अय्या, कधी शिवलात?"

"चार वर्षं झाली."

"मग घातला का नाहीत?"

त्या वळल्या. मानेपासून कमरेपर्यंत बारीक बटणांची रांग होती, सगळी उघडी.

"पॅरिसच्या बायकांना ही लावायला घरात कुणीतरी असायचं," त्या म्हणाल्या. "चित्रात ते दिसत नाही."

मी खालून सुरुवात केली. बटणं वाटाण्याएवढी होती, हातातून निसटत होती. निम्म्यावर आले तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं. कार्यक्रम सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

"सावकाश लाव गं," मावशी म्हणाल्या. "घाई नाही."