हाये वायबेंगांचा लाल बटाटा

बायको गेल्यापासून डाउवे वायबेंगांच्या घरात त्यांच्याशिवाय कुणी जेवलं नव्हतं. त्या मंगळवारी मात्र एकदम चौदा माणसं येऊन थडकली. फ्रीसलँड प्रांताच्या समुद्राकाठच्या खाऱ्या जमिनीतही तग धरणारा लाल बटाटा डाउवेंच्या वडिलांनी, हाये वायबेंगांनी, तयार केला होता. आता हायेंवर सिनेमा निघत होता आणि शूटिंग त्यांच्याच या घरी होतं.

सकाळभर डाउवेंशी कुणी बोललं असेल, तर "काका, जरा बाजूला" एवढंच. सरकता सरकता ते स्वयंपाकघरात पोचले. बाकी सगळे मागच्या शेतात. टेबलावर बटाट्यांची पेटी होती. पाहुण्यांनी शिधाही स्वतःच आणावा, याची डाउवेंना लाज वाटली. त्यांनी मोठं पातेलं चढवलं.

दुपारी सगळे तुटून पडले. वर लोणी, मोहरीचं दाट सार. घरात चमच्यांचा खणखणाट, हसणं, "काका, अजून आहे का?" डाउवे वाढता वाढता अगदी तरुण झाले.

एवढ्यात दिग्दर्शिका योरीन म्हणाली, "टेबलावरची पेटी कुठे गेली?"

"धुऊन वाळत घातलीय."

"आणि बटाटे?"

डाउवेंनी तिच्या ताटाकडे बोट दाखवलं. तिचा काटा तोंडापाशीच थांबला.

"अहो काका! हे तुमच्या वडिलांच्या जातीचे होते! हातापाया पडून मिळवले होते मी. आता कुठून आणू?"

"तरीच," डाउवे म्हणाले, "चव ओळखीची लागली."

सिनेमात हाये वायबेंगांचं काम करणाऱ्या रुर्डने तीनदा वाढून घेतलं होतं. तो छताकडे बघू लागला.

मग दुकानातून साधे बटाटे आणि बीट आले. बटाटे बीटाच्या रसात बुडवायचं प्रायश्चित्त डाउवेंकडे आलं. बटाटे लाल झाले. पाठोपाठ डाउवेंचे हात, टेबलक्लॉथ, दाराची मूठ आणि शेवटी रुर्डची खोटी मिशी.

"हा शास्त्रज्ञ आहे की खाटीक?" योरीन कपाळाला हात लावून म्हणाली. "असू दे. उजेड चाललाय. करा सुरू!"

रुर्ड टेबलाशी बसला. समोर लहानपणीचा डाउवे झालेला मुलगा. रुर्डने बटाट्याची फोड तोंडात टाकली, दुसरी मुलाला दिली आणि मायेनं विचारलं, "कसा लागतोय रे, डाउवे?"

"थोडा बीटासारखा, बाबा," कॅमेऱ्यामागून आवाज आला.

"कट!"

अख्खं घर हसलं. डाउवे लाल हात कुठे लपवावेत ते न कळून उभे होते. "माफ करा हं. तोंडातून निघून गेलं. ते असं कधी विचारायचेच नाहीत हो. जेवताना बटाट्याकडे बघायचे, पुढच्या वर्षी काय पेरायचं याचा विचार करत. मी समोर बसलोय हे त्यांच्या लक्षात यायचं की नाही, कोण जाणे."

हसणं थांबलं. योरीन कॅमेऱ्याकडे वळली. "पुन्हा एकदा," एवढंच म्हणाली.

रुर्डने फोड खाल्ली. "कसा लागतोय रे, डाउवे?" या वेळी त्याने मुलाकडे पाहिलंच नाही. मुलाच्या डोक्यावरून, कॅमेऱ्यापलीकडे उभ्या डाउवेंकडे पाहत तो थांबून राहिला.

योरीनने कट म्हटलं नाही.

"चांगला लागतोय," डाउवे हळूच म्हणाले.

"मग लाजतोस काय? घे अजून," गुलाबी मिशी पुसत हाये वायबेंगा म्हणाले.