डोकं पाण्याकडे, शेपूट आत

फुलारे सर आमच्याकडे जेवायला बसले की आधी आमटीत डोकावतात. पहिल्यांदा आमच्या सौ.ला वाटलं, झुरळ सापडलं. सर म्हणाले, "वहिनी, तेल बघतोय. पाण्याला कसं टाळतंय, नकोशा पाहुण्याला टाळावं तसं." तेव्हापासून ती त्यांना सुकी भाजीच वाढते.

सर उल्हासनगरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर बायकोला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या बाईंना, घेऊन कात्रपला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले. बाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, म्हणून रविवारचं जेवण आमच्याकडे.

पेशीचं आवरण हे त्यांचं दैवत. त्यातल्या प्रत्येक रेणूला म्हणे पाण्याची आवड असलेलं डोकं असतं आणि पाणी न सोसणाऱ्या दोन शेपट्या. पेशीच्या बाहेर पाणी, आतही पाणी. म्हणून रेणू दोन थरांत, पाठीला पाठ लावून उभे राहतात. डोकं पाण्याकडे, शेपूट आत. "आणि हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. आपल्याला पार्किंगसाठीसुद्धा वॉचमन लागतो."

दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकलं की सर अख्ख्या सोसायटीची पेशी करतात. मधे बादली. तिच्याकडे तोंड करून एक रिंगण, त्याला पाठ लावून बाहेरचं दुसरं. वॉचमन बाहेरून पाईप मारतो. गेल्या वर्षी मी बाहेरच्या रिंगणात उलटा उभा राहिलो आणि पाठ चिंब झाली. "शेपूट भिजली. पेशी मेली," सरांनी जाहीर केलं. वर्षभर पोरं मला 'मेलेली पेशी' म्हणत होती.

यंदा अब्रू परत मिळवायची होती. पण लेंग्याची नाडी आत गेली आणि मला उशीर झाला. खाली आलो तर आतल्या रिंगणात एकच जागा रिकामी, सरांच्या पाठीमागे. धावत घुसलो. तोंड बादलीकडे, पाठ सरांच्या पाठीला. शाबासकीची वाट बघत राहिलो.

वॉचमनने पाईप खाली केला. शेजारच्या पाटीलकाकू माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अहो, ती बाईंची जागा. सर कोणाला उभं राहू देत नाहीत."

घाबरून मी सरांचाच धडा सरांना ऐकवला. "सर, आवरणाला भोक पडलं तर रेणू सरकून आपोआप बुजवतात ना?"

"रेणूंचं बुजतं," सर म्हणाले.

मी निघालो. दोन पावलं गेलो असेन, तेवढ्यात मागून आवाज आला.

"उभे राहा. फक्त जरा डावीकडे सरका."

सरकलो. अर्धी पाठ टेकली, अर्धी जागा तशीच राहिली. पाईप पुन्हा सुरू झाला आणि त्या फटीतून पाणी थेट माझ्या लेंग्यात शिरलं. पेशी मेली, असं मात्र सर म्हणाले नाहीत.