पाच झाडा, मंग बोला

आमच्या घरचा चहा कसा आहे, हे सांगायला मडावीभाऊंनी पाच दिवस घेतले.

माझी बदली गडचिरोलीच्या शाळेत झाली आणि आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या आठवड्यातली ही गोष्ट. पहिल्या दिवशी ते आले, खुर्चीच्या टोकावर बसले, चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि निघून गेले. चांगला नाही, वाईट नाही, एक शब्द नाही. बायकोने मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती आलं किसायला घेणार, तर ते दारातूनच म्हणाले, "बाई, कालच्यासारखाच करा. काई बदलवू नका." पाचव्या दिवशी निकाल लागला. "चार एका जागी बसले. परवाचा एक उजवीकडं गेलता, साखर जास्त झालती. पण हात पक्का हाय तुमचा." चहाची अशी दाद तिला माहेरीसुद्धा मिळाली नव्हती. तिने खूश होऊन त्यांना लाडू दिला. तो त्यांनी चवीने खाल्ला, पण कसा झाला ते काही सांगितलं नाही. लाडू एकच होता ना!

देवाजी मडावी हे पोलिसातले निवृत्त हवालदार. सगळी नोकरी शस्त्रागारात गेली. बंदुका पुसायच्या, दुरुस्त करायच्या, आणि गोळ्यांची नवी पेटी आली की त्या पिस्तुलातून कशा जातात ते चांदमारीच्या मैदानावर जाऊन बघायचं. या शेवटच्या कामावर त्यांचा भारी जीव. पिस्तूल तेच, अंतर तेच, नेम धरणाराही तोच. पण एका पेटीतल्या गोळ्या कागदावर वाटीएवढ्या जागेत भोकं पाडतात आणि दुसऱ्या पेटीतल्या ताटभर पसरतात. "गोळी वाईट नसते, मास्तर. तिचं अन् नळीचं जमत नाई, एवढंच," असं ते एखाद्या नवरा-बायकोबद्दल बोलावं तसं हळहळून सांगत. आणि जमतं की नाही, हे एका गोळीवरून कधी ठरवायचं नाही. "पाच झाडा, मंग बोला."

हे वाक्य त्यांनी नोकरी संपल्यावर घरी आणलं आणि सगळ्या संसाराला लावलं. किराणा दुकानात आगपेटी घेताना ते तिथेच पाच काड्या ओढून बघत. दुकानदार आधी चिडला, मग त्याने त्यांच्यासाठी एक वेगळी पेटी उघडूनच ठेवली. त्यांची बायको, आमच्या वहिनी, कपाळावर हात मारून म्हणायच्या, "लगन झालं तवापासून हेच हाय. पाच घास खाल्ल्याशिवाय मीठ कमी हाय म्हनत नाई. तोवर माहं जेवन होऊन जाते."

दूधवाल्याने पाणी घातलं तर भाऊ लगेच भांडत नसत, पाच दिवस थांबत. हे दूधवाल्याला कळलं तेव्हापासून पाचव्या दिवशी दूध कसं मलईदार यायचं! आम्ही हसायचो. पण नवा माणूस, नवा न्हावी, नवा भाडेकरू, कोणीही त्यांच्याकडे एका चुकीवर वाईट ठरत नसे, हेही खरं. मला उगाच वाटायचं, असा बाप असायला हवा होता.

त्यांना एक मुलगा होता. सुनील. सिरोंच्याला गाड्या दुरुस्तीचं दुकान चालवतो, एवढंच आम्हाला ठाऊक. तो कधी आलेला आम्ही पाहिला नाही. दर रविवारी संध्याकाळी वहिनी त्याला फोन लावायच्या आणि बोलत बोलत अंगणात यायच्या. नेमका त्याच वेळी भिंतीपलीकडचा टीव्ही बंद व्हायचा. मी समजायचो, भाऊंना डुलकी लागली.

आमच्या शाळेच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये मुलींना एअर पिस्तूल शिकवतात. छर्रे वेगवेगळ्या कंपन्यांचे येतात आणि कुठल्या पिस्तुलाला कुठले मानवतात ते कोणालाच कळत नसे. मी भाऊंना घेऊन गेलो. त्या दिवसापासून माणसाला तरतरी आली. इस्त्रीचा शर्ट घालून ते रोज शेडमध्ये हजर. पिस्तुलाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची, मग ते टेबलावरच्या शिकंज्यात अलगद आवळायचं, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष नको. दर डबीनंतर नळी साफ करायची. मग नव्या डबीतले पहिले दोन छर्रे कागदाबाहेर, नुसत्या मातीच्या पोत्यात सोडायचे.

"हे वाया काऊन घालवता?" पीटीच्या सरांनी एकदा विचारलं.

"साफ नळीतली पयली गोळी कुठीबी जाते, सर. नळीले बसाले टाइम लागते. ते मोजाची नसते."

त्यापुढचे पाच मोजायचे. जमले तर तुरीच्या दाण्याएवढं एकच भोक. नाही जमले तर बोराएवढी फाटकी जागा. चांगलं भोक पडलं की भाऊ तो कागद उजेडासमोर धरून एकटेच हसत.

एका शनिवारी सरांना घाई होती. नळी नुकतीच साफ झाली होती. भाऊ पाणी प्यायला वळले तेवढ्यात सरांनी नव्या डबीतला छर्रा घातला आणि थेट कागदावर मारला. भोक पार कडेला, पांढऱ्यात पडलं. "भंगार आहेत हे," सर म्हणाले, "परत पाठवा डबी."

"ते मोजू नका!"

आवाज एवढा चढला की मुली जागच्या जागी थांबल्या. मडावीभाऊंना ओरडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "आत्ताच साफ केली नळी. पयली होती ते. कितीदा सांगू? पयली मोजाची नसते!" सर बिचारे गोंधळून डबी घेऊन उभे.

मी त्यांना धरून बाहेर नळाजवळच्या बाकावर बसवलं.

"सुन्या एकदाच पिऊन आलता, मास्तर," ते म्हणाले. "पयला पगार झालता त्याचा. दोस्तायनं पाजली. माह्या घरी सायब जेवाले बसले होते. हा आला अन् दारातच ओकला. मी त्याची कपड्याची पेटी अंगणात फेकली. म्हटलं, हा असाच निंघनार. जाय."

मी ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

"पोरगं साधं होतं. त्याच्या आधी सुपारीबी खाल्ली नाई त्यानं. साफ नळी होती. पयली गेली कुठीबी, अन् मी मोजली. साऱ्या पोलिसायले शिकवलं म्या, पाच झाडा, मंग बोला. माह्या पोराले एकच झाडू देल्ली."

"मग जाऊन भेटला नाहीत कधी?"

"गेलो ना. चारदा गेलो. आलापल्लीच्या पुढं रस्ता कसा हाय, तुमाले मालूमच हाय. दिवसभर हाडं खिळखिळी होते. सून चांगली हाय, चहा देते. नात मांडीवर येऊन बसते. पण तो दुकानाच्या मागं जाते, ते मी बसमंदी बसल्यावरच बाहेर येते. चारी वेळा तसंच."

मला एकदम हुरूप आला. त्यांच्याच नियमात मी त्यांना पकडलं होतं. "भाऊ, मग पाचव्यांदा जाऊ या! मी येतो सोबत. माझ्या गाडीने जाऊ, उद्याच."

छर्ऱ्यांचं शिसं लागून काळी पडलेली बोटं ते पँटला पुसत बसले.

"पाचवी झाडली की बोला लागते, मास्तर," ते म्हणाले. "मंग समजूनच जाते, जमते का नाई ते. चारवर अजून काई ठरत नाई."

एवढी वर्षं ज्या वाक्यावर आम्ही हसत होतो, त्याच्या आडोशाला हा माणूस जीव मुठीत धरून बसला होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने ते उठले, शेडमध्ये गेले आणि सरांना म्हणाले, "माफ करजा सर. आना ते डबी. आता मोजू."

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी वहिनी फोन कानाला लावून अंगणात आल्या. "सुन्या, जेवला का बापा?" भिंतीपलीकडचा टीव्ही बंद झाला.

आमच्याकडे मालिका रंगात आली होती. मी उठलो आणि तीही बंद केली. बायकोने चिडून विचारलं, काय झालं म्हणून.

"थांब जरा," मी म्हणालो. "भाऊंना ऐकू येऊ दे."