स्कूटरला टोपी

"सावली म्हणजे काय हो? चार खांब आणि वर जाळी! मी नद्यांवर पूल बांधलेत!"

असं आजोबांनी पाळणाघराच्या अंगणात, सगळ्या पालकांसमोर छाती ठोकून सांगितलं. ऊन वाढत होतं, आणि वाळूच्या हौदावर सावली झाली नाही तर पाऊस पडेपर्यंत अंगणाला कुलूप, असं पाळणाघरवाल्या ताईंनी जाहीर केलं होतं. त्यात नातीने 'माझे आजोबा सावली करणार' ही बातमी अख्ख्या पाळणाघरात पसरवलेली. आता माघार घेणं म्हणजे साडेतीन वर्षांच्या नातीसमोर नाक कापून घेणं!

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी आजोबांनी खांब सिमेंटमध्ये पक्के बसवले आणि हिरवी जाळी ताणून बांधली. सावली पडली ती बरोब्बर हौदावर, काठाला काठ लावून. आजोबा बराच वेळ स्वतःच्याच कामाकडे कौतुकाने बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्कूटरवरून ऐटीत आले. पायरीशेजारी, भिंतीलगत स्कूटर लावून, हेल्मेट न काढताच दारातून आत डोकावले. आत ताईंचं काम चाललं होतं, आणि ते खरंच बघण्यासारखं होतं! एक पोर मांडीवर, बाकीची रांगेत, आणि प्रत्येकाच्या नाकाला, गालांना, मानेला क्रीम. ओरडा नाही, धपाटा नाही. घरी साधा शर्ट चढवताना घर डोक्यावर घेणारी पोरं इथे आपणहून टोपी घालून कान झाकून घेत होती. महिनाभर खपून ताईंनी त्यांच्याकडून एकच नियम घोटून घेतला होता: टोपी नाही, तर ऊन नाही! आजोबांच्या हाताखाली एवढी माणसं राबली, पण असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

दार उघडलं. पोरं धावली आणि पायरीवरच थबकली. हौदावर रणरणतं ऊन! आणि सावली? ती भिंतीलगत, आख्खीच्या आख्खी आजोबांच्या स्कूटरवर!

"अय्या, स्कूटरसाठी शेड बांधलीत होय?" मुलाला सोडायला आलेली एक आई म्हणाली.

"अहो, काल दुपारी सूर्य डोक्यावर होता..."

"मग मुलं सकाळी खेळतात हे सूर्याला सांगायचं ना!"

नातीचा खालचा ओठ थरथरायला लागला. "आजोबा, सावली चुकली?"

खात्यातल्या कुठल्याही साहेबाने त्यांना इतकं लागेल असं कधी विचारलं नव्हतं.

"चुकली कुठे? थोडी सरकलीय," ताई चटकन म्हणाल्या. "आपणच जाऊ तिच्याकडे. वाळू बादल्यांनी आणू. काका, तेवढी स्कूटर बाजूला घेता?"

आजोबांनी स्कूटर उन्हाकडे ढकलली मात्र, एकच गिल्ला झाला!

"थांबा! तिला टोपी नाहीये!"

"अरे, ती स्कूटर आहे!"

"टोपी नाही, तर ऊन नाही!" एकाने तर मागच्या चाकाला मिठीच मारली. ताई ओठ दाबून दुसरीकडे बघत होत्या. शेवटी आजोबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून स्कूटरच्या दिव्यावर घातलं.

नातीने कडक तपासणी केली. "कान झाकले नाहीत!"

आजोबांनी मुकाट्याने दोन्ही आरशांना रुमाल गुंडाळला. सावलीच्या काठावरूनच हात लांबवून ढकललेली स्कूटर उन्हात गेली, पोरं सावलीत आली, वाळूच्या बादल्या धावू लागल्या. अंगण वाचलं! आजोबा खुशीत निघाले.

"आजोबा! टोपी?"

त्यांनी टकलावर हात फिरवला. हेल्मेट तर तिकडे उन्हात, स्कूटरच्या डोक्यावर! ताईंनी जादा टोप्यांची पेटी आणली. त्यातली सगळ्यात मोठी टोपी त्यांच्या डोक्यावर बरणीच्या झाकणासारखी बसली. कान उघडेच! नामंजूर!

"ताई, मी म्हातारा माणूस," आजोबा कुजबुजले. "दोन पावलं तर जायचंय."

"काका, तुमची दोन पावलं होतील, पण माझी महिन्याची मेहनत जाईल," ताईही तितक्याच हळू म्हणाल्या. "बघताहेत सगळे."

आजोबांनी वळून पाहिलं. टोप्यांखालचे सगळे डोळे त्यांच्या पावलांवर खिळले होते. मनातल्या मनात ताईंना सलाम ठोकून आजोबा सावलीत फतकल मारून बसले. नात लगेच मांडीवर येऊन बसली आणि शेजारच्याला म्हणाली, "ही सावली माझ्या आजोबांची आहे."

सावली सरकू लागली तशी, पायरी उन्हात जायच्या आत, सगळी वरात आजोबांसकट आत गेली. जेवण झालं, गोष्ट झाली. गोष्टीतली खार झाडावर चढण्याआधीच आजोबा घोरायला लागले!

उन्हं उतरल्यावर सूनबाई नातीला न्यायला आली. ताईंनी नातीची पिशवी तिच्या हातात दिली, नातीचा हात दिला आणि मागोमाग डोळे चोळणाऱ्या आजोबांनाही पुढे केलं.

"दोघांनीही अजिबात त्रास दिला नाही. पोटभर जेवले, छान झोपले," ताई म्हणाल्या. "फक्त यांना उद्यापासून टोपी देऊन पाठवा."