लावली की लागली

माकुणसारला लोक पानवेल लावतात.

नवरदेवाला हळद.

मागच्या दाराला कडी. दोन जावांत भांडण.

तारापूरला अणूपासून वीज करायचं ठरलं, तेव्हापासून बोईसरला ट्रकही लावू लागले. म्हणजे गाडी आपली, डिझेल आपलं, पंक्चरही आपलं. दारावरचं नाव आणि हुकूम वाहतूक कंपनीचा. बदल्यात रोज खडीची फेरी.

माकुणसारच्या नरहरीने आपला ट्रक लावला नव्हता. तो स्वतंत्र होता. स्वतंत्र म्हणजे मासवणला गवत मिळालं तर ते न्यायचं, नाही मिळालं तर बायकोने बॉनेटवर पापड वाळत घालायचे. पुतण्याच्या हळदीत तो भरल्या मांडवात बोलून गेला होता, "ज्या दिवशी गाडी लावीन त्या दिवशी मिशी काढीन." मिशी मोठी होती. मांडवही.

"लावा की," बायको दमयंती म्हणायची. "मिशी परत येते. गिऱ्हाईक येत नाय."

एका सकाळी नरहरी मेव्हण्याला, शांतारामला, घेऊन बोईसरला गेला. शांताराम ट्रक शिकत होता. पुढे न्यायला त्याला येई, मागे घ्यायला नाही.

"मी पान खाऊन येतो," बाजारात उतरत नरहरी म्हणाला. "तू कंपनीच्या शेडपाशी गाडी लाव."

शेडमध्ये कंपनीचे मुकादम नागोराव बसले होते. नांदेडकडचे.

"लावायची का?" त्यांनी विचारलं.

"लावायला तर आणली."

"मालकाला विचारलंय?"

"भावोजींनीच सांगितलं, लाव."

"अन् उद्या काढून न्याल. लई जण तसं करतात."

"सावलीत ऱ्हायली तर कशाला काढतील?"

"आमच्या सावलीत कुणाचं वाईट झालं नाही," नागोराव म्हणाले आणि त्यांनी पेंटरला हाक मारली.

नरहरी ओठ रंगवून परतला तेव्हा ट्रकच्या दारावर कंपनीचं नाव ओलं होतं आणि मागे खडी भरलेली होती.

"नाव पुसा," नरहरी म्हणाला.

"पुसतो की. आधी आमची खडी उतरवा."

"उतरवतो. इथंच."

"इथं कशी? खडी तारापूरची आहे."

तारापूरच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, "कंपनी की गाडी है?"

"माझी हाय."

"तो वापस ले जाओ."

नरहरीने मागे लागलेली ट्रकांची रांग पाहिली. स्टिअरिंगवरच्या शांतारामला पाहिलं.

"कंपनीची," तो म्हणाला.

खडी उतरली. बाहेरची वाट रांगेतून होती आणि रांग थेट खाणीवर जात होती. खाणीवर कुणी विचारत नसे. दारावरचं नाव दिसलं की भरत. ट्रक पुन्हा भरून शेडपाशी आला. "खडी उतरवा, लगेच पुसतो," नागोराव दर फेरीला न कंटाळता सांगत. ते शब्दाचे पक्के होते. रिकामी गाडी त्यांच्यापुढे कधी आलीच नाही, त्याला ते काय करणार?

"मालकाशीच बोलतो," एकदा नरहरी म्हणाला.

"मालक मुंबईला असतात."

"मग मी कोण?"

"तुम्ही गाडीवाले."

बातमी माकुणसारला पोचली. न्हावी नामदेव धोकटी घेऊन अंगणात येऊन बसला. मांडवात जेवलेले सगळे मागून आले.

"गाडी लावली म्हणं?" नामदेवने वस्तरा उघडला.

"लावली नाय," नरहरी म्हणाला. "लागली."

"म्हंजे?"

"लावली असती तर मी लावली असती. ही आपसूक लागली. ठेच लागते ना, तशी. तिच्यासाठी कोण मिशी काढतं?"

नामदेवने वस्तरा मिटला. व्याकरणापुढे त्याचं काही चालेना. म्हातारे हळहळले, एवढा स्वतंत्र माणूस, कसा अडकला.

"लागलीय ती काढू नका म्हंजे झालं," दमयंती आतून म्हणाली.

त्यानंतर नरहरी रोज सकाळी मोठा सुस्कारा टाकी आणि भरल्या मिशीने खडीवर जाई. रस्त्यात भेटणारे त्याला धीर देत.

बोईसरला गाडी नेली त्याच्या आदल्या सोमवारी नरहरीने पालघर स्टेशनबाहेर नागोरावांना चहा पाजला होता आणि गाडी कधी आणू, असं विचारलं होतं.