मास्तरांनी विणलेले व्याह्यांचे मोजे

"विणकाम म्हणजे शेवटी मोजणी. आणि मोजणीत मला कोण हरवणार?" असं नझरशो मास्तर भर चहाच्या वेळी बोलून बसले आणि फसले.

डोंगरातल्या गुंट नदीकाठच्या त्या गावात मास्तरांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांच्या लेकीची, शिरीनमोची, सोयरीक फिरूझशी जुळत होती, आणि गावात सोयरीक पक्की व्हायची ती पायांपासून. मुलीकडच्यांनी घरी विणलेले जुराब, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे नक्षीदार लोकरी मोजे, मुलाच्या बापाला द्यायचे. त्याने ते सगळ्यांदेखत पायात चढवले की सोयरीक झाली. नाही चढवले तर बूट घालून परत.

शिरीनमो दूर खोरोग शहरातल्या इस्पितळात नर्स, तिला सोयरिकीसाठी रजा मिळणार होती एकच दिवस. आई मोहबेगिम बर्फावर घसरून हात प्लास्टरमध्ये घालून बसलेली. शेजारणीकडून विणून घ्यावेत तर गावभर छी-थू.

"मी विणतो," मास्तर म्हणाले. "हिवाळ्यात मफलर नाही का केला?"

"मफलरला टाच नसते," मोहबेगिम म्हणाल्या.

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अडीच महिने खपून त्यांनी जोड तयार केला. एकेका मोज्यात त्यांचे दोन्ही पाय मावत होते. लोकर ताणली जाते, हे गणितात धरायचं राहूनच गेलं होतं.

पण मास्तर डगमगणारे नव्हते. पाहुणे यायच्या दिवशी पहाटे त्यांनी मोजे उकळत्या पाण्यात टाकले. दहा मिनिटांत एक बोट आटले. म्हणजे तीन बोटांसाठी अर्धा तास, साधं त्रैराशिक. अर्ध्या तासाने पातेल्यातून जे निघालं ते त्यांच्या तळहातावर मावलं. लोकर ओढली की लांबते, अशी स्वतःची समजूत घालत त्यांनी ते रुमालात गुंडाळले आणि बायकोला काही बोलले नाहीत.

शिरीनमो एका दिवसाच्या रजेवर घरी आली होती. पाहुणे आले, दाराशी बूट काढून बसले. फिरूझची आई सबझागुल मोठी करारी बाई. मागे एका घरी चहा फिका म्हणून तिने अख्खं वऱ्हाड उठवलं होतं. फिरूझचे वडील गुलोमशो मात्र देवमाणूस. आपले मोजे आधीच काढून, पाय पुढे करून ते तयारच बसले होते.

मास्तरांनी रुमाल उघडला. गुलोमशोंनी मोजा उचलला आणि अंगठ्यावर बसवला. तिथेच तो अडकला.

सबझागुलनी तो काढून हातात घेतला, उलटसुलट पाहिला, मग शिरीनमोच्या पोटाकडे पाहिलं.

"किती दिवस झाले, मास्तर?"

"अडीच महिने," मास्तर जरा अभिमानानेच म्हणाले.

"आणि आम्हाला आज सांगता?"

"आधी काय सांगायचं? नीट पार पडेल याची मलाच खात्री नव्हती."

"फिरूझला ठाऊक आहे?"

"त्याचा काय संबंध?"

फिरूझला ठसका लागला. शिरीनमो पांढरीफटक पडली. सबझागुल उठून बूट शोधायला निघाल्या. आपल्या तोंडाने आपण लेकीचं लग्न मोडतोय हे गावात फक्त मास्तरांनाच कळत नव्हतं.

"अहो, त्या बाळाबद्दल विचारतायत," मोहबेगिम प्लास्टरचा हात कपाळावर मारून म्हणाल्या.

"कुठलं बाळ?" मास्तर म्हणाले, आणि मग त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. सोळा माणसांसमोर त्यांनी सगळं कबूल केलं. मफलर, टाच, पातेलं, त्रैराशिकसुद्धा.

"पुरुष विणतो होय?" सबझागुल म्हणाल्या. "दाखवा विणून."

सुया आल्या. मास्तर ओठ हलवत टाके मोजू लागले आणि टाचेशी दोनदा चुकले. शिरीनमोने आकडा सांगितला तर "मध्ये बोलू नकोस" म्हणून तिच्यावर डाफरले आणि तिसऱ्यांदा चुकले. लाजेने त्यांचे कान लाल झाले होते, पण लेकीसाठी ते रात्रभर चुकायला तयार होते. सबझागुलनी सुईवरची वाकडी टाच आणि हातातली वाकडी टाच शेजारी शेजारी धरली.

"बाळंतविड्यासाठी कुठलीही बाई अशी टाच विणणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या आणि परत खाली बसल्या. "सोयरीक पक्की. यांच्या पायांचं मी बघते."

मग त्यांनी तो चिमुकला जोड आपल्या पिशवीत टाकला.

"राहू द्या हो, विहीणबाई," मास्तर अजिजीने म्हणाले. "ते चुकून झालेत."

"आमचा फिरूझही तसाच झाला," सबझागुल म्हणाल्या.

गुलोमशोंनी आपली उघडी पावलं हळूच अंगरख्याखाली ओढून घेतली.