निडर शब्दाचं उदाहरण

शब्दकोशाच्या कचेरीत मोठ्या साहेबांचा एक कडक नियम होता. शब्दाखाली जे उदाहरण द्यायचं ते घडलेलंच हवं आणि शेजारी पाहणाऱ्याची सही हवी. थापा छापायला कोश म्हणजे काय वर्तमानपत्र आहे, असं ते म्हणत.

त्या दुपारी कारकुनाच्या वाट्याला ‘निडर’ आला. आता बोला! स्वतःच्या सावलीला भिणारा हा माणूस. अर्थ त्याने झटक्यात लिहिला, ‘कशालाही न भिणारा’. पण उदाहरणाच्या वेळी डोक्यात मेव्हणीचं लग्न घोळत होतं. रजेचा अर्ज तीन आठवडे खिशात चुरगळत होता आणि बायकोने बजावलं होतं, “या लग्नाला आला नाहीत, तर मी माहेरीच राहीन. बसा शब्द मोजत!” त्या तंद्रीत त्याने लिहून टाकलं, ‘त्या निडर कारकुनाने रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आपटला.’ आणि पान साहेबांकडे गेलंसुद्धा.

तासाभरात ते परत आलं. वर तांबड्या शाईत शेरा होता, ‘कोणता कारकून? पाहिलं कोणी? तीन वाजता छपाई.’

कारकुनाने ते पान शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासणाऱ्या बाईंपुढे धरलं. “मेलो, बाई! खोटं उदाहरण म्हणजे थेट तळघरात बदली. मागचा गेलाय तो अजून वर आलेला नाही!”

बाई शांतपणे म्हणाल्या, “मग खरं करा की! पावणेतीन झालेत. चला, मी बघते आणि सही करते.”

“अहो, पण तिथे साहेब असतील!”

“नसतील तर आपटणार कोणासमोर?”

बाईंनी त्याला दंडाला धरून दारापर्यंत नेलं आणि आत ढकललं. त्याने अर्ज उगारला खरा, पण डोळे गच्च मिटून, त्यामुळे पाण्याचा पेला आडवा झाला आणि अर्ज त्या थारोळ्यात पडला.

“आपटला! मी पाहिला!” बाई दारातून ओरडल्या.

साहेबांनी ओला कागद दोन बोटांत उचलला. “कारण?”

“मे... मेव्हणीचं लग्न.”

साहेबांचा चेहराच उतरला. त्यांनी उठून दार लोटलं, खण उघडला आणि पिवळा पडलेला एक कागद पुढे ठेवला. तोही रजेचा अर्ज, कचेरीच्या मालकांच्या नावे. कारण, मेव्हण्याचं लग्न.

“साहेब, हा दिलाच नाहीत?”

“धीर होईना हो.”

“पण मेव्हण्याला आता एखादं मूल झालं असेल!”

“तीन,” साहेब ओल्या अर्जावर घाईघाईने सही करत म्हणाले. “थोरला कॉलेजात जातो. बायको अजून माझ्याशी बोलत नाही. जा बाबा, आजच्याच गाडीने जा!”